फटाके बुलेटचे, चलान माझे

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सा. न. वि. वि.

परवा चौकात माझ्या तेरा वर्षे जुन्या, शंभर सीसीच्या गाडीवर 'कर्णकर्कश सायलेन्सर' म्हणून हजार रुपयांचे चलान झाले. सायलेन्सरला गंजून भोक पडले होते, हे कबूल. पण साहेब, सायलेन्सरविरोधी ही मोहीम ज्या तक्रारींवरून निघाली त्यातल्या चार माझ्याच होत्या. रात्री अकरानंतर आमच्या गल्लीतून बुलेट फटाके फोडत जातात, म्हणून केलेल्या. बुलेट एकही सापडली नाही. तक्रारदार सापडला.

एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षे काढल्याने माझा उजवा कान गेलाच आहे. उरलेल्या डाव्या कानावर उशी दाबून झोपतो, तरी दचकून उठतो. रात्रीत पन्नास तरी बार होत असतील. वहीत मांडून ठेवले नाहीत, पण कमी नाहीत. पेन्शन भविष्यनिर्वाह निधीच्या ईपीएस-९५ योजनेची, ३,१०० रुपये. म्हणजे महिन्यातले दहा दिवस त्या एका भोकात गेले.

फटाका कसा वाजतो ते तुमच्या माणसांना ठाऊक नसेल तर मी सांगतो. आतली जाळी आणि पडदे कापले की व्हॉल्व्हमधून सुटलेला दाब मोडायला काही उरत नाही, सरळ नळीतून बाहेर. मग पोरगा चालत्या गाडीत चावी बंद करतो, न जळलेले पेट्रोल तापलेल्या पाइपात साचते, चावी फिरवली की धडाम! पोरे म्हणतात पिकअप वाढतो. डोंबलाचा पिकअप! कमी गतीला उलट ओढ जाते. बीएस-६ म्हणजे नव्या प्रदूषण-मानकाच्या गाडीचा अख्खा पाइप बदलला तर विषारी वायू कमी घातक करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही बहुधा त्याच्याबरोबर भंगारात जाते.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ५२ आहे; कंपनीने दिलेल्या गाडीत असे फेरफार चालत नाहीत. तरी आमच्या मुख्य रस्त्यावर ते पाइप दोरीला टांगून विकतात, मागितले तर बिलही देतात. तुम्ही पोरांचे सायलेन्सर काढून रोडरोलरखाली घालता, फोटो छापून येतो, पोरगा संध्याकाळी नवा बसवतो. दुकानावर रोलर का जात नाही? वळत नाही का?

पीयूसी केंद्रात नळी घालून धूर तपासतात. आवाज कुणीच तपासत नाही. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, हा नियम २००० सालचा. विचारायला गेलो तर डेसिबल पर्यावरण खात्याचे, चलान गृहखात्याचे, पीयूसी तुमची. फटाका मात्र एकटा माझा. आणि निवडणुकीत हेच सायलेन्सर झेंडे लावून माझ्या दारावरून गेले, तेव्हा पुढे पोलिसांची जीप होती. तेव्हा डेसिबल मोजायचे यंत्र कुठल्या कपाटात होते?

मागणी एवढीच: विकणाऱ्यावर आणि कापून देणाऱ्यावर कारवाई करा, पीयूसीबरोबर आवाजही मोजा. माझे हजार परत मागत नाही. भरले आहेत.

आपला,
एसटीचा एक सेवानिवृत्त मेकॅनिक

ता. क. भोक बुजवायला काल वेल्डरकडे गेलो होतो. माझ्या आधी दोन बुलेट उभ्या होत्या, जाळी कापून घ्यायला. माझा नंबर तिसरा लागला.