दहा रुपयांच्या तिकिटाची किंमत दहा रुपयेच का? दळणवळण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. ज्योतिरादित्य शिंदे साहेब,
केंद्रीय दळणवळण मंत्री

साहेब, नमस्कार.

मी सांगलीचा. गेली तीसेक वर्षं पोस्टाची तिकिटं जमवतोय आणि आम्हा संग्राहकांचा सगळा कारभार टपालावरच चालतो, बदलाबदली म्हणा नाहीतर खरेदी-विक्री, कारण सांगलीतल्या माणसाला हवं असलेलं तिकीट नेमकं नागपूरच्या नाहीतर कोलकात्याच्या माणसाकडे असतं.

गेल्या पावसाळ्यात मी गांधीजींचा १९४८ चा सेट नागपूरला पाठवला. १५ ऑगस्ट १९४८ ला निघालेली, स्वित्झर्लंडमध्ये छापलेली चार तिकिटं, दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. मागचा डिंक शाबूत, हिंज म्हणजे अल्बममध्ये तिकीट डकवायची कागदी पट्टी, ती कधी लावलेलीच नाही, व्यवहार अठरा हजारांना ठरलेला. घाई होती म्हणून एका खासगी कुरिअरने पाठवला आणि विमा काढला नाही, ती माझी चूक, मान्य आहे. पाकीट पोचलं पण ओलं होऊन, चारही तिकिटं कार्डाला चिकटलेली. पाण्यात सोडवावीत तर डिंक जातो, ओढावीत तर कागद फाटतो. कुरिअरवाले म्हणाले पाकीट मिळालं ना मग तक्रार कसली, आणि तिकिटावर दहा रुपये छापलेत त्याचे हजारो रुपये कसे हेच त्यांना पटेना.

मग मी पोस्टाचे नियम वाचायला बसलो. साधं स्पीड पोस्ट हरवलं किंवा आतला माल खराब झाला तर भरपाई भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे १००० सुद्धा सहसा मिळणार नाहीत. विमा करून पाठवलं तर एक लाखापर्यंत सोय आहे, ही चांगली गोष्ट आहे आणि ती कितीतरी संग्राहकांना माहीतच नाही. पण भरपाई मिळते ती वस्तूच्या खऱ्या किमतीपर्यंतच, आणि जुन्या तिकिटाची खरी किंमत कोण ठरवणार, कधी ठरवणार? नुकसान झाल्यावर ठरवायला बसलं की भांडणच होणार.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की किंमत बुकिंगच्या वेळीच ठरू द्या. तिकिटाचा पुढून-मागून फोटो, खरेदीचं बिल किंवा कॅटलॉगमधला भाव दाखवायचा, त्या रकमेवर विम्याचं शुल्क घ्या, आम्ही आनंदाने भरू, पण मग तोच आकडा शेवटपर्यंत धरा. दुसरं म्हणजे आमच्याकडे वस्तू हरवली नाही तरी जाते. एक घडी पडली, कडेचा एक दाता तुटला, डिंकाला ओल लागली की भाव निम्म्याहून खाली येतो, तर हे घसरलेलं मोल भरपाईत स्पष्ट शब्दांत लिहा. आणि विम्याचं पाकीट पोस्टमनसमोर उघडून बघायची सोय मागितल्यावर नको, आपोआप मिळू दे. ओटीपी घेऊन डिलिव्हरी तुम्ही सुरू केलीच आहे, त्यातच हे बसवता येईल.

यासाठी संसदेत जायची पण गरज नाही असं मला वाटतं, कारण २०२३ चा नवीन पोस्ट ऑफिस कायदा जून २०२४ पासून लागू झालाय आणि त्यात जबाबदारी नियमांत ठरवाल तेवढीच असं म्हटलंय. नियम तुमच्याच हातात आहेत.

स्पर्श योजनेत तुमचं खातं सहावी ते नववीच्या मुलांना तिकिटं जमवण्यासाठी वर्षाला ६००० रुपये शिष्यवृत्ती देतं, फार चांगलं काम आहे ते. ही मुलं उद्या एकमेकांना तिकिटं पाठवणार ती टपालानेच ना.

माझ्याकडे ग्वाल्हेर संस्थानची काही तिकिटं आहेत, व्हिक्टोरिया राणीच्या चित्रावर देवनागरीत ‘गवालियर’ छापलेली. त्यातली दुबार आहेत ती पुण्याच्या एका मित्राला द्यायची ठरलीत. तुमचा नियम होईपर्यंत ती माझ्याच अल्बममध्ये राहतील.

आपला,
सांगलीचा एक तिकीट संग्राहक