चावी परत, कर्ज तिथेच

मा. संपादक,

पाच वर्षांच्या कर्जावर घेतलेली गाडी मला दुसऱ्याच वर्षी नकोशी झाली. काम घरून सुरू झाले आणि ती कव्हरखाली नुसती उभी. बॅटरी उतरली, वायपरचे रबर काचेला चिकटले, हप्ता तेवढा वेळेवर जायचा. वैतागून चावी घेऊन कर्जदात्याकडे गेलो, म्हटले, घ्या तुमची गाडी. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "लिलावात जे येईल ते वजा होईल, उरलेली बाकी तुमच्याच नावावर." चावी खिशात घालून परतलो.

सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा नंतरच्यापेक्षा जास्त असतो, मुद्दल सावकाश उतरते, गाडीची किंमत मात्र घसरते. हे सही करताना कोणी सांगितले नाही. (मीही विचारले नाही, रंग निवडण्यात गुंग होतो.) शेवटी मुदतपूर्व फेडीच्या शुल्कासह बाकी लेखी मागितली, कमी पडलेला फरक बचतीतून भरला आणि गाडी विकली. नोंदणीवरचा बोजा उतरून नाव बदलेपर्यंत घेणाऱ्याच्या मागे लागलो. नाहीतर त्याच्या दंडाच्या पावत्या मला आल्या असत्या.

हप्ता कापल्याचा संदेश दरमहा येतो. त्यातच उरलेल्या मुद्दलाचा आकडा छापायला काय हरकत आहे?

– एक माजी कर्जदार