कुलूपबंद फाटकाला उत्तर

सॅक्रॅमेंटो

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. जंगलातल्या तुमच्या जीप-ट्रेलच्या फाटकावरचं कुलूप, त्यावर टांगलेला बंदीचा आदेश आणि खाली तुझा एकच प्रश्न, "आता काय करायचं?" तुमच्या ग्रुपमध्ये काहीजण फाटकाच्या बाजूने गाडी काढायची म्हणतात, काहीजण ऑनलाइन सह्या गोळा करताहेत. दोन्ही नको. बाजूने गेलेल्या टायरचा माग म्हणजे "ही वाट आवरत नाही" याचा पुरावा, आणि तो थेट फॉरेस्ट सर्व्हिसच्या, म्हणजे सरकारी जंगलं सांभाळणाऱ्या खात्याच्या, फाइलमध्ये जाऊन बसतो. शिवाय बंदी आदेश मोडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. सह्यांचं म्हणशील, तर फॉरेस्ट सर्व्हिस मतं मोजत नाही, मुद्दे मोजते. एकाच मजकुराची हजार पत्रं गेली तरी तिथे तो एकच मुद्दा धरतात.

आधी ही बंदी कोणत्या प्रकारची आहे ते नीट बघ. आदेशावर क्रमांक, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, कारण आणि नकाशा असतो. शेवटची तारीख असेल तर ती तात्पुरती बंदी. वणवा, वादळ, वाहून गेलेली मोरी अशा कारणांसाठी ती येते आणि बऱ्याचदा आपोआप संपते. दुसरी बंदी हंगामी, जमीन ओली असते तेवढ्या काळापुरती. तिच्याशी भांडू नये, तीच आपले ट्रेल वाचवते. तिसरी सगळ्यांत गंभीर, कारण तिच्यात ट्रेल मोटर व्हेइकल यूज मॅपवरूनच, म्हणजे गाड्यांना कोणत्या वाटा खुल्या आहेत ते दाखवणाऱ्या अधिकृत नकाशावरूनच, काढून टाकतात. तुझ्या फोटोतल्या कागदावर दोन गोष्टी दिसतात: ओढ्यात गाळ जातो म्हणून आत्ताची तात्पुरती बंदी, आणि पुढे ट्रेल नकाशावरून काढण्याचा प्रस्ताव. म्हणजे निर्णय अजून झालेला नाही.

हा नकाशा समजून घे, कारण सगळं त्याच्यावर चालतं. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ११६४४ क्रमांकाचा अध्यक्षीय आदेश काढला. सरकारी जमिनीवर गाड्यांच्या वाटा ठरवताना माती, पाणलोट, झाडझाडोरा, वन्यप्राणी आणि इतर वापरकर्ते यांचा त्रास कमीत कमी ठेवायचा, असं त्यात बंधन आहे. १९७७ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यात भर घातली: मोठं नुकसान होतंय असं दिसलं तर वाट ताबडतोब बंद करायची. २००३ साली फॉरेस्ट सर्व्हिसचे प्रमुख डेल बॉसवर्थ यांनी जंगलांपुढचे चार मोठे धोके सांगितले, त्यातला एक बेशिस्त करमणूक, म्हणजे वाटेल तिथे गाड्या फिरवण्यासारखे प्रकार, हा होता. त्यानंतर नोव्हेंबर २००५ मध्ये ट्रॅव्हल मॅनेजमेंट रूल आला आणि नियम उलटा झाला. पूर्वी बऱ्याच जंगलांत पाटी नसेल ती वाट खुली मानत. आता नकाशावर असेल तीच खुली. पाटी पडली, कुणी उपटली, कधी लावलीच नव्हती, यातलं काहीच सबब म्हणून चालत नाही. नकाशा फुकट मिळतो. ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये तो असलाच पाहिजे.

आता कॅलिफोर्नियातल्या एल्डोराडो नॅशनल फॉरेस्टचं प्रकरण सांगतो, कारण तुमच्यासारख्यांना त्यातून सगळ्यांत जास्त शिकता येतं. त्यांनी २००८ साली गाड्यांना कोणत्या वाटा खुल्या, याचा निर्णय घेतला. पर्यावरण संस्था कोर्टात गेल्या. २०११ मध्ये कोर्टाने एका नेमक्या गोष्टीवर बोट ठेवलं: ४२ वाटा डोंगरी कुरणांमधून जातात आणि तिथला पाण्याचा नैसर्गिक प्रवाह त्या वाटांमुळे तुटतो का, हे जंगलाच्या स्वतःच्याच आराखड्याप्रमाणे तपासलेलं नव्हतं. २०१२ मध्ये त्या वाटा बंद झाल्या. मग कुरणागणिक तपासणी झाली. जिथे दोष नव्हता त्या वाटा उघडायचं ठरलं, आणि जिथे दोष होता तिथे आधी दुरुस्ती, मग गाड्या. "आम्ही तीस वर्षं इथे येतोय" या वाक्याला तिथे काही वजन नव्हतं. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, या उत्तराला होतं.

रुबिकॉन या जीप-ट्रेलचंही तसंच. लून लेकपासून टाहोकडे जाणारी ती वाट एल्डोराडो काउंटीने (तिथल्या जिल्हा प्रशासनाने) १८८७ सालीच सार्वजनिक रस्ता म्हणून नोंदवली होती, म्हणून कायद्याच्या बाजूने तिचा पाया भक्कम. तरीही २००४ मध्ये मानवी विष्ठेमुळे स्पायडर लेकचा परिसर बंद करावा लागला, आणि २००९ मध्ये पाणी मंडळाने गाळ आणि सांडलेलं तेल साफ करण्याचा आदेश काउंटी आणि फॉरेस्ट सर्व्हिस दोघांच्याही नावे काढला. ती वाट आज खुली आहे, कारण लोकांनी पाणी वळवलं, एलिस क्रीकवर पूल झाला आणि विष्ठेच्या पिशव्या व तेल शोषणारे पॅड सोबत ठेवायची सवय लागली.

म्हणून पहिलं काम ट्रेल मोजण्याचं. तात्पुरता आदेश बऱ्याचदा फक्त गाड्यांना असतो. पायी जाण्यालाही मनाई आहे का ते वाच. मनाई असेल तर रेंजर ऑफिसला पत्र लिहून सोबत पाहणी मागा. दोघं-तिघं जा. पन्नास फुटी टेप, उतार मोजायचं क्लिनोमीटर आणि जीपीएस घ्या. पाणी वाटेवर जिथे येतं आणि जिथे उतरतं, त्या प्रत्येक जागी थांबा. उताराचा टक्का, चाकोरीची खोली इंचांत, पाणी किती फूट वाटेवरूनच धावलं आणि तिथून ओढा किती लांब, एवढं लिहा. चढाच्या आणि उताराच्या दोन्ही दिशांनी फोटो काढा. फोटोत टेप उलगडलेली दिसली पाहिजे, नाहीतर चाकोरी चार इंचांची की चौदा, ते कळत नाही. पावसाच्या दुसऱ्या दिवशी पायी गेलात तर सगळ्यांत उत्तम, पाणी स्वतःच बोट धरून दाखवतं.

बहुतेक जागी रोग एकच सापडेल. वाट खोल गेली, कडेला मातीचा बांध साचला आणि वाट हीच नाली झाली. सिएरातल्या ग्रॅनाइटच्या भुसभुशीत वाळूला चिकटपणा नसतो, त्यामुळे पाण्याला थोडा वेग आला की ती उठून जाते. लाकूडतोडीच्या वाटांसाठी एक जुना तक्ता वापरतात: २ टक्के उताराला २५० फुटांवर, ५ टक्क्यांना १३५, १० टक्क्यांना ८० आणि १५ टक्क्यांना ६० फुटांवर पाणी वाटेबाहेर निघालं पाहिजे. भुसभुशीत मातीत त्याहून जवळ. तुमच्या नोंदी या तक्त्याशेजारी ठेव. १२ टक्के उतारावर पाणी चारशे फूट धावतंय असं दिसलं, की गाळ का येतो आणि तो कसा थांबेल, दोन्ही सापडलं.

उपाय म्हणून लाकडी ओंडका आडवा पुरायचा मोह होतो. गाड्यांच्या वाटेवर तो टिकत नाही. टायर आपटून तो सैल होतो, लोक बाजूने गाडी काढतात आणि वाट रुंदावते. काटकोनात टाकला तर मागे गाळ साचतो आणि पहिल्याच हंगामात पाणी वरून जातं. त्याऐवजी रोलिंग डिप मागा: खोलगट भाग आणि त्यापुढचा उंचवटा, दोन्ही मिळून चाळीस-पन्नास फुटांत ताणलेले. चार दारांच्या रँग्लरच्या दोन्ही आसांमधलं अंतर जवळपास दहा फूट असतं. उंचवटा आखूड आणि टोकदार केला की गाडीचं पोट घासतं, चाकं माथ्यावर फिरतात आणि दोन महिन्यांत माथाच सपाट. खोलगट भागाला बाहेरच्या बाजूला निदान ५ टक्के उतार हवा. माती किंचित ओली असताना सहा-सहा इंचांच्या थरांनी ठोकायची, कोरडी ठोकली तर ती पहिल्या उन्हाळ्यात धूळ होऊन उडते. बाहेर पडणारं पाणी झुडपांत जिरलं पाहिजे. ते थेट ओढ्यात सोडलंत तर गाळाची वाट फक्त बदलली, आणि हीच चूक सगळ्यांत जास्त होते.

ओढा ओलांडायची जागा काटकोनात असावी. दोन्ही काठांवर शेवटच्या डिपपासून पाण्यापर्यंत दगडी सोलिंग, खाली जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारं पण माती धरून ठेवणारं कापड. दगड नुसते पसरायचे नाहीत, एकमेकांत घट्ट बसवायचे, मोठे खाली आणि फटीत बारीक. नुसते टाकलेले गोल दगड चाकाखाली घरंगळतात. बाजूने ज्या आडवाटा पडल्यात त्या बंद करताना मोठे दगड एक तृतीयांश जमिनीत गाडून ठेवा, वाळक्या फांद्या उभ्या खोचा, आणि मुख्य वाटेवरून नजर पोचते तेवढा भाग पूर्ण झाका. दिसेनाशी झालेली वाट कुणी वापरत नाही.

मात्र यातलं एक फावडंही परवानगीशिवाय मारू नका. जुन्या वस्तीचे अवशेष किंवा दुर्मीळ वनस्पती कुठे आहेत, ते आपल्याला दिसत नाही. फॉरेस्ट सर्व्हिसबरोबर स्वयंसेवक करार होतो, त्यासाठी ३०१ए हा फॉर्म, आणि गट असेल तर सोबत सगळ्यांच्या नोंदीसाठी ३०१बी. करारातलं काम करताना इजा झाली तर संघराज्य सरकारचं संरक्षणही मिळतं. चेनसॉ चालवणाऱ्याला त्यांचं सॉयर प्रमाणपत्र आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण लागतं, दोन-तीन जणांना ते आत्ताच घ्यायला लावा. पैशांसाठी कॅलिफोर्नियाचा ऑफ-हायवे अनुदान कार्यक्रम आहे. संघराज्याच्या रिक्रिएशनल ट्रेल्स प्रोग्रॅममध्येही किमान ३० टक्के रक्कम मोटर वाहनांच्या ट्रेलसाठी राखीव असते. अर्जात "श्रमदानाचे इतके तास देऊ" असं लिहिता आलं तर बाजू मजबूत होते, म्हणून हजेरीची वही पहिल्या दिवसापासून ठेवा.

आता लेखी मताबद्दल. प्रस्तावाची नोटीस आली की मुदत सुरू होते. छोट्या पर्यावरण तपासणीला पूर्वापार ३० दिवस, मोठ्या अहवालाच्या मसुद्याला ४५ दिवस अशी रीत होती. पण २०२५ मध्ये कृषी खात्याने (फॉरेस्ट सर्व्हिस त्याच्याच हाताखाली येते) हे नियम बदलले, म्हणून मुदत आठवणीतून धरू नको, नोटिशीत छापलेली तारीखच खरी. पुढे निर्णयाच्या मसुद्यावर हरकत घ्यायची असेल, तर आधी मुदतीत लेखी आणि नेमकं मत दिलेलं असावं लागतं. कितीतरी ग्रुप इथेच बाद झाले: वेळ निघून गेल्यावर जागे झाले आणि दार बंद. प्रस्तावित कामांची यादी वेळोवेळी निघते. ती बघायचं काम ग्रुपमधल्या एकाकडे कायमचं सोपव.

मत असं लिहा: ट्रेलचा क्रमांक, मैल, तिथे काय मोजलं, काय बदल हवा. उदाहरणार्थ, "मैल १.४ ते १.६, उतार १२ टक्के, पाणी ४०० फूट वाटेवर धावतं, इथे सहा रोलिंग डिप करून ओढ्याआधीचं पाणी उजवीकडे वळवावं, काम आमचा गट करेल." प्रत्येकाने आपल्या शब्दांत, आपल्या माहितीचा भाग लिहावा. कुणी पाण्यावर, कुणी कॅम्पिंगच्या जागांवर, कारण एक फाटा बंद झाला की त्याच्या टोकाची तंबूची जागाही जाते. पूर्ण बंदीऐवजी पर्यायही मागा: हंगामी बंदी, गाडीच्या रुंदीला ५० इंचांची मर्यादा, ठरावीक तुकड्याची वाट दुसरीकडून नेणं, किंवा दुरुस्ती होईपर्यंतच बंद. जो तुकडा खरंच वाचण्यासारखा नाही, तो सोडायची तयारी लिहून द्या. तुझ्या फोटोतली ओढ्याकाठची ती ओली खाच मला तशी वाटते. तिथे हट्ट धरलात तर बाकीचा अडीच मैलांचा ट्रेलही जाईल.

फॉरेस्ट सर्व्हिसच्या जलतज्ज्ञाचा अहवाल मागवायला त्यांच्याकडे माहितीच्या कायद्याखाली अर्ज आजच टाक. कायद्याने उत्तराला कामकाजाचे २० दिवस असतात, आणि ते बऱ्याचदा लांबतं. अहवाल हातात नसताना लिहिलेलं मत अंधारात मारलेल्या दगडासारखं.

आणि गाड्यांचं. दगडाळ वाटेवर टायरची हवा १५ ते १८ पीएसआयवर आणा, बीडलॉक (टायर रिमला आवळून धरणारं कडं) नसेल तर १२ च्या खाली नको, टायर रिमवरून सुटतो. हवा कमी असली की चाक घसरत नाही, आणि चाकोरी खोल होते ती घसरत्या चाकानेच. साध्या, लॉक न होणाऱ्या डिफरन्शियलच्या (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या) गाडीचं एक चाक हवेत फिरतं आणि खड्डा खणतं. तिथे वेग वाढवण्यापेक्षा मागे येऊन रेषा बदलावी. चाकोरी दोन इंचांपेक्षा खोल उमटायला लागली की जमीन तयार नाही, परत फिरायचं. डर्टबाइकवाल्यांनी स्पार्क अरेस्टर (एक्झॉस्टमधल्या ठिणग्या अडवणारा भाग) आणि आवाज तपासावा. कॅलिफोर्नियात १९८६ पासूनच्या गाड्यांना मर्यादा ९६ डेसिबल आहे, एक्झॉस्टपासून २० इंचांवर मोजलेली. आवाजाच्या तक्रारींनी बंद झालेला ट्रेल सोलिंग घालून उघडत नाही.

मोजणीचा तक्ता झाला की मला पाठव, आणि मताचा मसुदा मुदतीच्या निदान दहा दिवस आधी. मैलांचे आकडे आणि फोटो जुळतात का ते ओळ न् ओळ बघून देईन. आदेशाचा सगळा कागद स्कॅन करून पाठव, फोटोत दुसरं पान आलेलं नाही आणि पायी प्रवेशाचा नियम बहुधा तिथेच असेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मित्र