पुढच्या खोलीबद्दल

जालना,
डिसेंबर 2025

ती. आई आणि बाबांना,
प्रभू येशूच्या नावाने सलाम.

फोनवर हा विषय नीट निघत नाही. बाबांना ऐकू कमी येतं, मध्येच दादा फोन घेतो आणि बोलणं गुडघ्यांवर आणि गोळ्यांवर जातं. म्हणून लिहायला बसले. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा.

मला तुमच्याकडे एक मागायचं आहे. आपल्या घराची पुढची खोली. तुम्ही पिंपरीला दादाकडे गेल्यापासून ती बंदच आहे. ती मला दवाखान्यात आलेल्या परगावच्या बायांना रात्री निजायला द्यायची आहे. एवढं वाचून लगेच "नको" म्हणू नका, पुढचंही वाचा.

मागे तुम्ही म्हणालात, "चर्चची मंडळी आता उरलीच किती? पोरं पुण्याला गेली, संभाजीनगरला गेली. आधी चर्चचे गळके पत्रे बदला, मग जगाला वाटायला निघा." पत्र्यांचं तुमचं खरं आहे. पावसाळ्यात डाव्या बाजूच्या बाकांवर कुणी बसत नाही. पण आधी आपलं होऊ दे, मग दुसऱ्याचं, हे मला पटत नाही. यंदाच्या कापणीच्या सणात जे पाहिलं त्यानंतर तर मुळीच नाही.

यंदा सण करायचाच नाही, असं पंचांच्या बैठकीत जवळजवळ ठरलं होतं. सप्टेंबरातल्या पावसाने काय केलं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच आहे. जायकवाडीचे दरवाजे उघडले आणि गोदाकाठच्या गावांत पाणी शिरलं. सोयाबीन उभ्या उभ्या कुजलं, कपाशीची बोंडं काळी पडली. नदीकडेच्या वावरांतली तर मातीच खरडून गेली. पीक पुढच्या साली येईल, पण माती कुठून आणायची? अशा वर्षी देवापुढे धान्य आणा, असं लोकांना कोणत्या तोंडाने सांगायचं, असं पाळकसाहेब म्हणाले. त्यांचं चुकत नव्हतं. पण गावाकडच्या बायाच म्हणाल्या, "साहेब, सण झाला पाहिजे. असंल ते आणू."

आणि आणलं. वेदीपुढे गेल्या साली आलेल्या पोत्यांच्या निम्मीसुद्धा नव्हती. मागच्या वर्षीची जुनी ज्वारी, थोडे उडीद, कुणाच्या परसातले दोडके, मोसंबीची एक पाटी, पाय बांधलेल्या दोन गावठी कोंबड्या. आई, तू लावून दिलेलं मुठीचं धान्य महिला मंडळात अजून चालू आहे. सैंपाकाला पीठ घेताना एक मूठ डब्यात टाकायची आणि रविवारी डबा चर्चला न्यायचा. तुझा तो निळ्या झाकणाचा डबा आता माझ्याकडे आहे. त्या दिवशी सगळ्या डब्यांतलं धान्य एकत्र ओतलं तर एक पोतं भरलं. मंडळातल्या मावशीने पोत्याचं तोंड शिवलं आणि वर हात ठेवून घटकाभर उभी राहिली.

उपासनेनंतर अंगणात लिलाव झाला. पुकारा करायला रेल्वेतून रिटायर झालेले काकाच होते, आवाज अजून तसाच खणखणीत. एक मोठं डांगर होतं. पहिल्यांदा ते शंभराला गेलं. घेणाऱ्याने पैसे दिले आणि म्हणाला, "पुन्हा देवाला." परत पुकारा. दुसऱ्याने घेतलं, त्यानेही तेच केलं. मग संडे स्कूलच्या पोरांनी आपापसात दहा-दहा रुपये गोळा करून बोली लावली आणि सगळ्यांनी आपली बोली थांबवून त्यांना जिंकू दिलं. पोरांनीही डांगर परत ठेवलं. शेवटी एका शिक्षकाने ते घेतलं आणि महिला मंडळाने दुसऱ्या दिवशी त्याची भाजी दवाखान्याच्या फाटकापाशी वाटली. ज्यांच्या वावरात यंदा काही उरलं नव्हतं, तेही बोली लावत होते. तुम्ही तिथे असायला हवं होतं असं मला फार वाटलं.

त्या पैशातून हरभऱ्याचं बी घेतलं. बियाण्याच्या गावात बी मिळायला काय अडचण! पण ते द्यायचं कुणाला, यावर बराच वाद झाला. काही जण म्हणाले, आधी मंडळीतल्या शेतकऱ्यांना. मग ठरलं की यादी आपण करायचीच नाही. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी आणि ग्रामसेवकांनी ज्यांचं सगळ्यात जास्त गेलं त्यांची नावं काढली. त्यात आपली ख्रिस्ती घरं अगदी थोडी होती. मराठा, धनगर, बौद्ध, मुसलमान, वंजारी, सगळे होते.

एका गावात दोन-तीन तरुण पुढे आले आणि विचारलं, "बदल्यात काय करायचं आम्ही?" रागावून नाही, पण तोलून विचारलं. आजकाल हा प्रश्न येतो बाबा, तुमच्या वेळी इतका येत नसेल. पाळकसाहेबांनी सांगितलं, "पेरायचं. एवढंच." पिशवीबरोबर पत्रक नाही, तिथे प्रार्थनासभा नाही, फोटो नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. निघण्यापूर्वी चर्चमध्ये प्रार्थना केली ती पुरे होती. आपल्यातल्या एका जुन्या सभासदांना हे आवडलं नाही. म्हणाले, सुवार्तेची लाज वाटते का? मला ती लाज कधी वाटली नाही. चर्चचं दार रविवारी उघडं असतं, कुणीही यावं. पण ज्याचं वावर वाहून गेलंय त्याच्या हातात बी देताना वर अट ठेवली, तर ते देणं राहत नाही. मत्तयाच्या 25व्या अध्यायात प्रभू विचारतो, मी भुकेला होतो तेव्हा खायला दिलंत का, परका होतो तेव्हा घरात घेतलंत का, आजारी होतो तेव्हा भेटायला आलात का. कोणत्या मंडळीचा होतो, हे तो विचारत नाही.

आणि हे मला शिकवलं कुणी? तुम्हीच. 30 सप्टेंबर 1993. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं गाढ झोपेत होती. मंडळीतल्या बायांनी भाकऱ्या थापल्या, घरोघरची कांबळी गोळा झाली, आणि तुम्ही तरुण संघाच्या पोरांना घेऊन ट्रकने गेलात. आमच्या अंगावरची गोधडीही तुम्ही त्यात टाकली होती. परत आल्यावर तुम्ही फारसं बोलला नाहीत. इतकंच म्हणालात की तिथे भाकरी कुणाच्या हातची हे कुणी विचारलं नाही, आणि आम्हीही कुणाला देतोय ते विचारलं नाही. त्या साली चर्चचे पत्रे गळत नव्हते का? गळतच होते.

जालन्याजवळच्या बेथेल गावाची गोष्टही तुम्हीच सांगायचात. नारायण शेषाद्री, ब्राह्मण घरातला माणूस, 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे जालन्याला आला. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि गावकुसाबाहेर राहणाऱ्या माणसांना घेऊन तिथे गाव वसवलं. लहानपणी तुम्ही मला सायकलवरून तिकडे न्यायचात आणि म्हणायचात, "ह्यांच्याकडे आधी जमीन होती का? घर होतं का? तरी बसवलंच ना गाव." आपली मंडळी अशा माणसांतून उभी राहिली. 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तेव्हाही आपलं आपल्यापुरतं बरं होतं म्हणणारे होते, हेही तुमच्याच तोंडून ऐकलंय. मग आता संख्या कमी झाली म्हणून हात आखडायचा, हे मी तुमच्याकडून कसं ऐकून घेऊ?

आता खोलीकडे येते.

वॉर्डात रात्रपाळी असली की मी रोज हे बघते. बाळंतीण आत असते, तिच्याबरोबर आलेली सासू किंवा आई बाहेर. तिला निजायला जागा नसते. जिन्याखाली, व्हरांड्यात, झाडाखाली, जिथे जमेल तिथे पोतं अंथरून पडते. आई, तू मिशनच्या दवाखान्यात नर्स होतीस, तुला हे सांगायला नको. एक सासू माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. ऊसतोडीचं कुटुंब. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटल्याशिवाय नवऱ्याला फडावरून सुटता येईना. सून दिवस भरण्याआधीच फडावर बाळंत होऊ लागली, म्हणून सासू तिला घेऊन एकटी निघाली. बाळ फारच लहान होतं, त्याला काचेत ठेवलं. सून खाटेवर, बाळ काचेत आणि म्हातारी बाहेर थंडीत. सकाळी नळाच्या गार पाण्याने तोंड धुऊन ती मला रोज एकच विचारायची, "सिस्टर, दूध पचलं का त्याला?" अंगावर कोयत्याचे जुने वण, पायात तुटकी चप्पल. मी तिला चहा द्यायचे. चहाने रात्र निघत नाही, बाबा. इथून आपलं घर चालत दहा मिनिटांवर, त्यात एक खोली रिकामी, आणि तिला कुलूप. घरी गेल्यावर मला झोप यायची नाही.

बाळ वाचलं. गुटगुटीत होऊन गेलं. पण तिच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरी कुणीतरी होतीच.

तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. अनोळखी माणसं घरात, आणि मी एकटी. म्हणून मी आधी सगळं बोलून ठेवलं आहे. फक्त बाया. एका वेळी चारच जणी. दवाखान्यातून कोण येणार ते मी आणि आमच्या वॉर्डातली मोठी सिस्टर ठरवणार, वहीत नाव, गाव आणि पेशंटचा खाटनंबर लिहिला जाणार. खोलीला बाहेरून स्वतंत्र दार आहे, आतलं दार माझ्या बाजूने कडी लावून बंद राहील. शेजारची आत्या रात्री तिथेच निजायला तयार आहे, तिचं घर तसंही सुनं सुनं असतं. गाद्या आणि चादरी महिला मंडळ देणार. नाताळात तरुण संघ गाणी म्हणत घरोघर फिरतो, त्याचे पैसे यंदा पाणी तापवायच्या बंबासाठी आणि ब्लँकेटांसाठी लावायचं ठरलंय. विजेचं बिल पंच कमिटी भरेल, तसा ठराव लिहून घेतला आहे. भाडं नाही. कुणी मुठीच्या डब्यात काही टाकलं तर टाकू दे.

खोलीत तुमचं टेबल आहे, आईचं शिलाई मशीन आहे, भिंतीवर आजोबांचा फोटो आहे. टेबल आणि मशीन मी माझ्या खोलीत घेईन. फोटो तिथेच राहू द्यावा असं मला वाटतं. भिंतीवरचा क्रूसही राहील. कुणाला त्यापुढे हात जोडावेसे वाटले तर जोडतील, कुणी आपल्या देवीचं नाव घेईल, कुणी नमाज पढेल. मी यातलं काही अडवणार नाही, आणि काही सुचवणारही नाही.

दादाशी मी बोलले. त्याला काळजी घराच्या कागदांची होती, उद्या कुणी ठाण मांडून बसलं तर काय. म्हणून कुणालाही बाळंतीण घरी सुटेपर्यंतच, असा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे. वहिनी तर म्हणाली, जुन्या साड्या आणि बाळाचे कपडे पाठवते. त्या दोघांची हरकत नाही. उरलात तुम्ही. घर तुमचं आहे, बाबा. नोकरीच्या पैशातून एकेक खोली तुम्ही बांधलीत, आईने विटांवर पाणी मारलं. तुमच्या मनातून आलं नाही तर मी कुलूप काढणार नाही.

पत्र्यांचंही सांगते म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. जानेवारीत काम निघेल. डाव्या बाजूचे आधी बदलायचे ठरले आहेत. मंडळीतले जे दोघे वेल्डिंगचं काम करतात ते मजुरी घेणार नाहीत, फक्त सामानाचा खर्च आहे.

आई, तुझ्या बीपीच्या गोळ्या सकाळी घेतेस ना? संध्याकाळचं फिरणं सोडू नकोस, पण थंडी आहे, कानाला रुमाल बांध. नाताळाला मला सुट्टी मिळणार नाही, ड्युटी लागली आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी येईन, अनारसे आणि शंकरपाळे घेऊन. आत्याने तुम्हा दोघांना सलाम सांगितला आहे.

बाबा, उत्तर फोनवर नको. कार्ड टाका, तुमच्या हातचं. हो असेल तरी, नाही असेल तरी.

तुमची लेक