अर्ध्या अंशाचा फरक

दादर, मुंबई

प्रिय सुमन,

सप्रेम नमस्कार.

अनघाच्या गावी येणार येणार म्हणून गाजलेले हिमवादळ गेल्या आठवड्यात येऊन गेले, आणि तेव्हापासून माझ्या मनात जे घोळते आहे ते तुझ्याशिवाय कोणाला सांगावे हे कळेना, म्हणून लिहायला बसले. घरात विषय काढला की सगळे म्हणतात, "बर्फ कमी पडला ना, मग बरेच झाले, त्यात इतका विचार कसला?" प्रकृतीचे म्हणशील तर गुडघा आहे तसाच आहे आणि साखर आटोक्यात आहे.

झाले असे. न्यू जर्सीतल्या त्यांच्या भागाला ८ ते १२ इंच हिमाचा इशारा होता. आदल्या संध्याकाळीच शाळा बंद राहणार असल्याचे जाहीर झाले, मिलिंदरावांनी घरूनच काम करण्याचे ठरवले, दूध, पाव, मेणबत्त्या आणून ठेवल्या, रस्त्यांवर मीठ टाकून झाले. प्रत्यक्षात पहाटेपासून सकाळी दहापर्यंत नुसता पाऊस लागला, मग ओले, जड हिम पडू लागले, आणि संध्याकाळी अंगणातल्या गवतात पट्टी रोवली तेव्हा जेमतेम अडीच इंच भरले. रस्ते काळेच राहिले, कडेला थोडा रबडा साचला तेवढाच. मिलिंदरावांच्या कचेरीतले एक गृहस्थ वायव्येकडच्या डोंगराळ भागात राहतात. त्यांच्या दारात मात्र त्याच दिवशी फूटभर थर होता. अनघा फोनवर म्हणाली, "आई, हे लोक नुसते घाबरवतात. पुढच्या वेळी मी लक्षच देणार नाही." तिच्या या वाक्याने माझी झोप उडवली आहे.

आता तुला आवडेल अशी गोष्ट सांगते. मी तिला आदल्या दिवशीच बजावून ठेवले होते की सरळ भिंतींचा स्टीलचा डबा झाडांपासून आणि भिंतीपासून दूर उघड्यावर ठेव, वाऱ्याने कलंडू नये म्हणून विटांमध्ये बसव, आणि सगळे थांबल्यावर आत घेऊन त्यातले हिम वितळू दे. तिने कुरकुर करीत का होईना ते केले. रात्री ओमच्या शाळेच्या पट्टीने तळाचे पाणी मोजले, तर ते २६ मिलिमीटर भरले. अंदाजात किती पाणी धरले होते? एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर! सुमन, पाणी बरोबर आले होते. शेकडो कोस दूर समुद्रावर तयार होणाऱ्या वादळातून एका अंगणात किती पाणी उतरेल हे त्या माणसांनी इतके अचूक सांगितले, आणि त्यांच्या पदरात पडली ती निव्वळ कुचेष्टा. मला याचे फार वाईट वाटते.

पाण्याचे इंच आणि हिमाचे इंच यांच्यामध्ये जे काही घडते ते सगळे त्या दिवशी एकाच दिशेने घडले. एका इंच पाण्याचे दहा इंच हिम हा ढोबळ हिशेब आहे. कडक थंडीत पंधरा किंवा वीस इंचही होतात, आणि शून्याच्या आसपास पाचावरच थांबते, कारण अर्धवट वितळलेले कण एकमेकांना चिकटून दबत जातात. मी वहीत मांडून पाहिले. २६ मिलिमीटरपैकी आठ-नऊ मिलिमीटर पहाटेच्या पावसातच गेले असणार. उरलेल्या सतरा-अठरा मिलिमीटरचे पाचपटीने साडेतीन इंच होतात. त्यातले काही उबदार जमिनीने पहिल्या तासातच गिळले, काही दिवसभर स्वतःच्या वजनाने खाली बसले. अडीच इंच उरले यात आश्चर्य करण्यासारखे काहीच नाही. शिवाय तिथले निरीक्षक पांढऱ्या फळीवर ठरावीक वेळाने मोजून फळी पुसून घेतात, त्यामुळे दबण्याआधीची उंची त्यांच्या नोंदीत येते. अनघाने एकदाच आणि तीही संध्याकाळी मोजली.

पण पहाटे पाऊसच का लागला, हा खरा प्रश्न आहे. वारा पूर्वेचा होता, अटलांटिकवरून येणारा, आणि फेब्रुवारीतही तिथल्या किनाऱ्याजवळचे पाणी चार-पाच अंशांचे असते. अनघाच्या दारात दिवसभर तापमान शून्याच्या वर एक ते दीड अंश राहिले. या उबेविरुद्ध काम करणारी गोष्ट म्हणजे हिमाचे वितळणे. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात हे आपण दोघींनी प्रयोगशाळेत उष्णतामापी ढवळत ढवळत काढले होते (कुलकर्णीसरांपुढे तुझा आकडा ७९ आणि माझा ८३ आला म्हणून तू महिनाभर मिरवत होतीस). तोच आकडा आकाशाला लावून पाहा. एक मिलिमीटर पाण्याइतके हिम वितळले की खालचा पाचशे मीटर जाडीचा हवेचा थर साधारण अर्ध्या अंशाने थंड होतो. म्हणजे जिथे वृष्टी जोराची आहे तिथे दोन-तीन मिलिमीटर हिम वितळून स्वतःच्या वाटेवरची हवा शून्यावर आणून ठेवते आणि मागून येणारे हिम शाबूत खाली पोचते. जिथे वृष्टी रिमझिम आहे तिथे समुद्राचा वारा तेवढी ऊब परत भरून काढतो आणि पाऊसच चालू राहतो. जोराच्या वृष्टीचा पट्टा वीस-तीस किलोमीटर इकडे की तिकडे बसणार, हे आदल्या रात्री कोण छातीठोकपणे सांगेल? तो पट्टा अनघाच्या डोक्यावर दहानंतर आला. पहाटे चारला आला असता तर आज ती त्याच लोकांचे गुण गात बसली असती.

त्यात उंचीची भर. ढोबळमानाने दीडशे मीटर वर गेले की एक अंश कमी होतो. त्या गृहस्थांचे घर अनघाच्या घरापेक्षा दोन-तीनशे मीटर उंचावर असेल तर त्यांना सगळेच्या सगळे पाणी हिम म्हणून मिळाले, तेही फुगीर. सिमल्याचे आपले भांडण आठवते ना? तू रिजवर उभी राहून म्हणत होतीस की साचते आहे, आणि मी खालच्या बस स्टँडवरून वर येऊन सांगत होते की नुसता चिखल आहे, आणि त्या वादापायी आपण काल्कापर्यंत एकमेकींशी बोललो नाही! बिचारी मंदा दोघींच्या मध्ये बसून संत्री सोलत होती. त्या दिवशी तुझे आणि माझे दोघींचेही खरे होते हे मी गेली कित्येक वर्षे म्हणते आहे. तू अजून मान्य केलेले नाहीस.

तू लगेच विचारशील की हवा कोरडी होती का, मलमलीची ओली पट्टी गुंडाळलेला तापमापक काय दाखवत होता. तुझे सगळे आयुष्य वेधशाळेतल्या तापमापकांच्या त्या लाकडी पेटीच्या जाळीदार दाराशी गेले, तू दुसरे काय विचारणार! हवा कोरडी असती तर पडणाऱ्या हिमातले पाणी उडून जाताना हवेची उष्णता घेऊन गेले असते, माठातले पाणी गार होते तशी ती हवा गार झाली असती, आणि कोरडा तापमापक तीन अंश दाखवत असतानाही हिम टिकले असते. श्रीनगरला तू हे किती वेळा पाहिले असशील. पण इथे समुद्रावरून आलेली हवा आधीच ओलसर होती, दोन्ही तापमापकांत फरकच नव्हता म्हण ना, त्यामुळे ती मदतही मिळाली नाही.

अनघाचा आणखी एक आक्षेप होता. दूरदर्शनवरच्या रडारच्या नकाशात त्यांच्या गावावर गडद रंग होता, मग इतके कमी कसे? मी तिला सांगितले की वितळू लागलेल्या हिमकणावर पाण्याचा पापुद्रा चढतो, आणि असा कण रडारला फार मोठ्या थेंबासारखा दिसतो. म्हणजे जे चित्र पाहून तिला जोराची वृष्टी वाटली, ते पुष्कळसे वितळण्याचेच चित्र असणार. पावसाळ्यात मुंबईवरच्या ढगांतही हेच घडते, फक्त पाच किलोमीटर उंचीवर. आपल्याकडच्या पावसातला बराचसा भाग वरती हिमकण म्हणून जन्मतो, आणि खाली येईपर्यंत त्याला वितळायला इतकी जागा मिळते की अर्धा अंश इकडे-तिकडे झाल्याने दादरच्या रस्त्यावर काहीही बदलत नाही. अंदाज सांगणाऱ्या आपल्या लोकांना फक्त पाणी किती आणि कुठे एवढेच सांगावे लागते. तिथल्यांना पाणी सांगून झाल्यावर ते कोणत्या रूपात जमिनीला टेकेल हेही सांगावे लागते. आणि नुसते "कुठे" सांगणे किती कठीण असते हे २६ जुलै २००५ ला आपण पाहिले आहे. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला ७३. त्या रात्री शरद कुर्ल्याहून चालत पहाटे घरी आला, आणि कुलाब्याची माझी मावशी दुसऱ्या दिवशी फोनवर विचारत होती की एवढे काय झाले.

आता माझ्या खऱ्या काळजीकडे येते. १४ मार्च २०१७ ला न्यूयॉर्क शहराला दीड ते दोन फूट सांगितले होते, आणि सेंट्रल पार्कमध्ये साडेसात इंचांच्या आसपास पडले, कारण वरच्या थरात ऊब घुसली आणि हिमाच्या जागी बर्फाचे कडक दाणे पडले. त्याच राज्यात समुद्रापासून दूर आत असलेल्या बिंगहॅम्टनला मात्र तीस इंचांहून अधिक. शहरातला आकडा खाली येणार याची चिन्हे आदल्या दिवशीच दिसली होती, पण ऐन वेळी बदल केला तर लोक गाफील राहतील म्हणून मोठे आकडे तसेच ठेवले, असे तिथल्या राष्ट्रीय हवामान सेवेने नंतर सांगितले. तुझे मत मला ठाऊक आहे. रात्रपाळीला ज्याच्या टेबलावरचा फोन वाजतो त्यालाच ठरवू द्यावे, असे तू म्हणशील. मला ते पटत नाही. माणसांना कमी आणि जास्त दोन्ही शक्यता मोकळेपणाने सांगाव्यात, आणि निम्मे पाणी पाऊस म्हणून जाऊ शकते हेही सांगावे. लोक समजतात, आपण समजतो त्याहून जास्त समजतात. त्या सेवेच्या संकेतस्थळावर आता "निदान इतके" आणि "फार तर इतके" असे दोन्ही आकडे असतात. अनघाने ते कधी उघडले नव्हते, कारण बातम्यांत फक्त मधला आकडा सांगतात.

उलटेही होते, हे ती विसरली याचे मला नवल वाटते. १५ नोव्हेंबर २०१८ ला थोडेसे हिम पडून त्याचा पाऊस होईल असे म्हटले होते, आणि सेंट्रल पार्कमध्ये सहा इंचांहून अधिक पडले. झाडांवर अजून पाने होती, फांद्या मोडल्या, शाळेच्या बसगाड्या तासन् तास रस्त्यात अडकल्या. अनघा स्वतः त्या दिवशी मध्यरात्रीनंतर घरी पोचली होती आणि मी इकडे देवापुढे बसून होते. तेही अर्ध्या अंशाचेच काम, फक्त दुसऱ्या बाजूचे.

आणि आता येत्या शनिवारी दुसरे वादळ सांगितले आहे. मी नकाशे पाहिले. या वेळी वारा उत्तरेचा आहे, जमिनीजवळ उणे सहा-सात अंश, वरपर्यंत सगळे थंड, ऊब शिरायला कुठे फटच नाही. पाणी कमी धरले आहे, वीस मिलिमीटर. पण अशा थंडीत त्याचे पंधरापट धरले तर फूटभर हिम होते, आणि ते वाऱ्याने उडणारे, समोरचे काही दिसू न देणारे. अनघाने शनिवारी ओमला घेऊन गाडीने बोस्टनला जायचे ठरवले आहे, प्रज्ञाच्या घराची वास्तुशांत आहे म्हणून. मी म्हणाले, जाऊ नकोस. ती म्हणाली, "मागच्या वेळीही बारा इंच सांगितले होते ना?" दोन्ही वेळचा आकडा सारखा आहे, पण त्यामागची खात्री सारखी नाही, हे मी तिला फोनवर पटवू शकले नाही, कारण मी आई आहे आणि आईने काळजी करायचीच असते असे तिने गृहीत धरले आहे.

म्हणून तुला विनंती करते. ती तुझे ऐकते, लहानपणापासून ऐकते. सुमनमावशी बोलली की तो विषय मिटतो. शुक्रवारच्या आत तू तिला फोन कर. तिथे सकाळ असते तेव्हा, म्हणजे आपल्या संध्याकाळी सहा-सातला, ती गाडीत नसते. तिला वाद घालू दे, पण त्या दिवशीचे तापमान आणि "निदान इतके" हा आकडा तिला स्वतः वाचायला लाव. निदान आकडाच सात-आठ इंचांचा असेल तर ती समजेल. वास्तुशांतीला जायचेच असेल तर गुरुवारी रात्रीच निघावे आणि सोमवारपर्यंत तिथेच राहावे, एवढे तरी तिच्याकडून कबूल करून घे.

तुझ्या मोतीबिंदूचे काय ठरले? पाडव्याआधी करून टाक. भावोजींना नमस्कार सांग, आणि रत्नागिरीच्या कलमांना मोहोर कसा आहे ते कळव. तुडतुडे लागले असे सुधा म्हणत होती. सूनबाईंच्या नव्या नोकरीबद्दल सविस्तर लिही.

अनघाशी बोलणे झाले की कितीही उशीर झालेला असो, मला लगेच कळव. मी जागीच असेन.

तुझी,
वासंती