सिंधुपाल्चोकचा शेवटचा शनिवार

कॅम्प, बेळगाव
२४ नोव्हेंबर

प्रिय मित्रास,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

नेपाळच्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यातल्या एका गावी मुलांच्या वर्गासाठी खोली बांधायला गेलेले आम्ही सर्वजण सुखरूप परतलो. रजा न मिळाल्यामुळे तुला येता आले नाही. तरी वर्षभर रविवारच्या उपासनेनंतर दारात उभे राहून वर्गणी तूच गोळा केलीस, म्हणून त्या पैशाचे काय झाले हे सर्वांच्या आधी तुला कळावे असे मला वाटते. गोवा एक्स्प्रेसपासून सुनौलीच्या सीमेपर्यंतचा प्रवास भेटीत सांगेन. या पत्रात शेवटच्या दिवसाविषयीच लिहितो, कारण त्या दिवशी जे पाहिले त्यावरून कार्यकारिणीपुढे एक आग्रह धरायचे मी ठरवले आहे.

तो दिवस शनिवारचा होता. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, म्हणून तिथल्या ख्रिस्ती मंडळ्या उपासनेला शनिवारीच जमतात. चपला बाहेर काढून सतरंजीवर बसायचे, एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला स्त्रिया, आणि भेटेल त्याला हात जोडून ‘जयमसीह’ म्हणायचे. आमच्या तरुण संघाने त्यांच्या मादल नावाच्या ढोलकीच्या ठेक्यावर एक मराठी भजन म्हटले, आणि आपल्या कानडी घरांतल्या मुलींनी त्यालाच जोडून एक कानडी गीत घेतले. आपल्याकडे दोन्ही भाषांची उपासना एकाच आवारात होते हे ऐकून तिथल्या पाळकांना फार आनंद झाला.

त्यानंतर एक वृद्ध गृहस्थ साक्ष द्यायला उठले. २५ एप्रिल २०१५ हाही शनिवारच होता. दुपारचे बारा वाजायला चार मिनिटे कमी असताना ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यात सुमारे नऊ हजार माणसे गेली, आणि सर्वांत जास्त मृत्यू याच सिंधुपाल्चोक जिल्ह्यात झाले. शाळांना सुट्टी होती म्हणून असंख्य मुले वाचली, पण ख्रिस्ती लोक त्या वेळी उपासनेला बसलेले होते. हे गृहस्थ दाराजवळ होते आणि त्यांची पत्नी पलीकडे स्त्रियांच्या बाजूला, आणि नेमकी तीच भिंत आत कोसळली. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही की कापला नाही. पुढे पावसाळाभर उपासना ताडपत्रीखाली झाली आणि एकही शनिवार चुकला नाही, एवढे बोलून ते खाली बसले. आपल्या मुलांपैकी कोणालाही पुढची काही मिनिटे मान वर करवली नाही.

१९९३ साली किल्लारीच्या भूकंपाने जे केले त्याविषयी आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो आहोत. तिथेही माणसांचा जीव घेतला तो चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंतींनी, आणि इथेही तेच झाले. म्हणूनच मुलांच्या वर्गासाठी जी खोली आम्ही त्यांच्याबरोबर बांधत होतो, तिच्या भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारे लांब दगड घातले आहेत, आणि खिडक्यांच्या खाली व वर सळया घालून काँक्रीटचा पट्टा चारही बाजूंनी फिरवला आहे, म्हणजे हादरा बसला तरी चारही भिंती एकमेकींना धरून राहतील. गवंडी स्थानिक होते. आम्ही दगड वाहिले, वाळू चाळली आणि माल कालवला. वरचा पट्टा शुक्रवारी संध्याकाळी भरून झाला. छप्पर मात्र राहिले.

शनिवारी जेवण झाल्यावर मी सहज तिकडे गेलो. पट्ट्यावर ओली पोती अंथरलेली होती, आणि दहा-अकरा वर्षांची एक मुलगी शिडीच्या चौथ्या पायरीवर उभी राहून तांब्याने पाणी मारत होती. खाली तिचा धाकटा भाऊ बादली धरून उभा होता. त्या मुलांनी आपसांत पाळ्या लावून घेतल्या होत्या. आम्ही तिथे नसताना पुढचे सात-आठ दिवस तो पट्टा त्यांच्याच पाण्याने पक्का होणार होता, आणि उघड्या भिंतींवर पत्रे चढले नाहीत तर पुढच्या पावसाळ्यात त्या खोलीत त्यांना बसता येणार नव्हते.

पुढच्या वर्षी श्रीलंकेला जावे असे आपल्या कार्यकारिणीतल्या काहींच्या मनात आहे. मुलांना नवा देश दिसावा ही त्यांची इच्छा चांगलीच आहे. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की मे महिन्याच्या सुट्टीत आपण त्याच गावी जावे, छप्पर घालावे, आणि निदान दोघांनी महिनाभर तिथे राहून मुलांना शिकवावे. १८२० साली बळ्ळारीहून बेळगावात आलेले लंडन मिशनचे मिशनरी जोसेफ टेलर दोन आठवडे राहून परत गेले असते, तर आज आपली मंडळी कुठे असती याचा विचार कर.

आणखी एक गोष्ट तुला सांगायला हवी. अहवालासाठी उपासनेचे फोटो मागितले जातील, पण मी ते देणार नाही. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाने धर्मांतर करवण्यास मनाई केली आहे, आणि २०१८ पासून लागू असलेल्या फौजदारी कायद्यात त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आम्ही कुठेही जाहीर उपदेश केला नाही. तरीही परदेशी पाहुण्यांबरोबरचा एखादा फोटो पसरला तर जाब त्या पाळकांना द्यावा लागेल. त्यांनी तशी विनंती केली आणि आपल्या मुलांनी ती तत्काळ मानली, याचा मला अभिमान वाटतो. भिंतीचे फोटो मात्र हवे तितके आहेत.

निरोपाच्या वेळी त्यांनी सर्वांच्या गळ्यात झेंडूच्या माळा घातल्या आणि आम्ही आपल्याकडची मिठाई, गोकाकचा करदंट, वाटला. रविवारी पहाटे जीपने निघून आम्ही काठमांडूला आलो.

कार्यकारिणीची बैठक नाताळाच्या आधी आहे. वर्गणी तू जमवलीस म्हणून तुझ्या शब्दाला तिथे वजन आहे. माझे म्हणणे तुला पटत असेल तर पाळकसाहेबांना तसे लेखी कळव, आणि मे महिन्यातली रजा आतापासूनच मागून ठेव. पत्र्यांचा आणि लाकडाचा अंदाजे खर्च गवंड्यांनी काढून दिला आहे, तो सोबत जोडला आहे.

आईंना व वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र