दोघांचं एक गाणं

प्रिय सई,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, मला तर एकच पक्षी गातोय असं वाटलं, मग ते दोघं कसे निघाले?" मी 'सराव असतो त्यांचा' म्हणून वेळ मारून नेली. ते उत्तर अर्धंच होतं.

तू ऐकलंस ते प्लेन-टेल्ड रेन. इक्वाडोरच्या अँडीज पर्वतात, बांबूच्या दाट जाळीत राहणारे तपकिरी, चिमुकले पक्षी. मादी एक सूर टाकते, पुढचा नर उचलतो, लगेच पुन्हा मादी. हे इतकं भराभर चालतं की सांधा कानाला लागतच नाही.

मला वाटायचं, दोघं आपापला भाग पाठ करून ठेवत असणार. पण मादी एकटी गाते तेव्हाही नराच्या जागा मोकळ्या सोडते. फक्त त्या जागांची लांबी बदलते. म्हणजे जोडीने गाताना ती वेळ ऐकून धरते. 2011 मध्ये संशोधकांना दिसलं, की मेंदूतल्या गाण्याच्या केंद्रातल्या पेशी स्वतःच्या भागापेक्षा दोघांच्या अख्ख्या गाण्याला जास्त जोराने प्रतिसाद देतात. गायचं अर्धंच, पण डोक्यात पूर्ण!

खरी गंमत 2021 मध्ये कळली. या वेळी पक्षी प्रत्यक्ष गात असताना नोंदी घेतल्या. जोडीदाराचा सूर कानावर पडला की ऐकणाऱ्याच्या त्याच केंद्रातल्या पेशी दबतात. म्हणजे आपली पाळी येईपर्यंत त्याने स्वतःला आवरून धरायचं असं नाही, समोरचा आवाजच त्याला थोपवतो. (हे तुझ्या बाबांना वाचून दाखवत होते, तर ते मध्येच बोलले.)

आता सरावाचं. तोही लागतोच. रेनच्याच दुसऱ्या एका जातीत जोडीदार बदलला की मोठ्या पक्ष्यांनाही कोणत्या सुराला कोणता सूर जोडायचा, हे नव्याने शिकावं लागतं. ऑस्ट्रेलियातल्या मॅगपाय-लार्क पक्ष्यांची जोडी जितकी जुनी, तितकं त्यांचं गाणं नेमकं जुळतं. आणि असं जुळलेलं गाणं ऐकलं की शेजारचे नर जास्त सावध होतात.

नर कुठला नि मादी कुठली, हे माझ्या कानाला अजून ओळखू येत नाही. तुला जमलं तर कळव.

तुझी,
आई